विटेनबर्गमधलं दुसरं चर्च

आमच्याकडे पुण्याहून कोणी आलं की बर्लिन बघून झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी "जवळपास अजून काय आहे रे" हा प्रश्न येतोच, आणि मग मी त्यांना विटेनबर्गला नेतो. फास्ट ट्रेनने पाऊण तास. गाव अगदी एवढंसं आहे, एक लांब रस्ता आणि त्याला फुटलेल्या गल्ल्या, आणि सगळ्यांना बघायचं असतं ते एकच, मार्टिन ल्युथरने, म्हणजे ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला त्याने, १५१७ मध्ये पापाची माफी विकण्याविरुद्धचे ९५ मुद्दे जिथे ठोकले म्हणतात ते चर्चचं दार. मीही पहिल्यांदा गेलो तेव्हा दारापाशी फोटो काढला, कॉफी प्यायलो आणि परत आलो.

आता गंमत बघा. एक तर ते दार तेव्हाचं नाहीच. जुनं लाकडी दार १७६० मध्ये युद्धात जळालं, आत्ताचं ब्राँझचं दार १८५८ मध्ये प्रशियाच्या राजाने बसवलं. कागद खरंच ठोकला होता का यावरही इतिहासकारांचं अजून जमलेलं नाही, त्या दिवशी त्याने आर्चबिशपला पत्र लिहिलं एवढं नक्की. आणि मुख्य म्हणजे ते चर्च गावाचं नव्हतंच! ते किल्ल्यातलं, राजाचं. तिथे सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे आपल्या भाषेत राजाच, फ्रेडरिक याने संतांची हाडं, दात, कपड्यांचे तुकडे असे जवळजवळ १९,००० पवित्र अवशेष जमवून ठेवले होते, आणि युनिव्हर्सिटीचे कार्यक्रम तिथे व्हायचे. दार म्हणजे कॉलेजचा नोटीस बोर्डच समजा.

गावाचं चर्च वेगळं. किल्ल्यापासून पाच-सात मिनिटं चाललं की मार्केटचा चौक लागतो आणि त्याच्या मागे दोन बुटके मनोरे दिसतात. हे सेंट मेरीचं चर्च, जर्मन लोक नुसतं श्टाटकिर्खं म्हणतात, म्हणजे गावचं देऊळ म्हणा ना. ल्युथरन म्हणजे काय हे ज्याला कळून घ्यायचंय त्याला मी इथे आणतो, कारण इथलं फर्निचर बोलतं. कुठली वस्तू ठेवली, कुठली काढली आणि कुठली नव्याने आणली, एवढं नीट पाहिलं की अर्धं ल्युथरन धर्मशास्त्र पुस्तक न उघडता कळतं, असं माझं ठाम मत आहे.

आधी पॅरिश चर्च म्हणजे काय ते सांगतो. वसईकडचे ख्रिस्ती लोक ज्याला धर्मग्राम म्हणतात ते. एका ठरावीक भागात राहणाऱ्या सगळ्यांचं एक चर्च, मूल झालं की बाप्तिस्मा तिथे, लग्न तिथे, दर रविवारी प्रार्थना तिथे, मेल्यावर शेवटचं तिथूनच. ल्युथर हा नुसता प्रोफेसर नव्हता, १५१४ च्या आसपासपासून तो या चर्चमध्ये प्रवचन द्यायचा आणि लोकांची पापकबुली ऐकायचा. आणि खरा भडका इथेच उडाला. तेव्हा योहान टेट्झेल नावाचा एक साधू पापाच्या शिक्षेतून माफी मिळाल्याची छापील पत्रं विकत फिरत होता. फ्रेडरिकने त्याला आपल्या हद्दीत बंदी केली होती, तर विटेनबर्गचे लोक हद्दीपलीकडे जाऊन, युटरबोगला वगैरे, ती पत्रं विकत घेऊन यायचे. मग कबुलीला आले की पत्र दाखवायचे, आमचं मिटलंय, पश्चात्ताप कशाला? म्हणजे ९५ मुद्दे निघाले ते या गावच्या चर्चच्या रोजच्या कामातून, किल्ल्यातल्या दाराला फक्त प्रसिद्धी मिळाली.

बिल्डिंगचं थोडक्यात सांगतो. या चर्चचा पहिला उल्लेख ११८७ चा. आत्ता दिसतो त्यातला सगळ्यात जुना भाग म्हणजे वेदीकडचा, साधारण १२८० चा, आणि पुढचा मोठा हॉल १४१२ ते १४३९ मधला. मनोऱ्यांवर आधी उंच टोकदार दगडी कळस होते. १५४६-४७ मध्ये कॅथलिक सम्राटाविरुद्ध युद्ध पेटलं तेव्हा गावकऱ्यांनी ते कळस उतरवले आणि वर चक्क तोफा चढवल्या! नंतर १५५० च्या दशकात आठकोनी टोप्या बसवल्या त्या आजही आहेत, आणि वर पहारेकऱ्याचं घर, आग लागली की घंटा वाजवायला. म्हणून मनोरे बुटके दिसतात. माझ्या मावसभावाने विचारलं होतं की बांधकाम अर्धवट राहिलंय का, तर हे त्याचं उत्तर.

आता मुख्य प्रश्न. आपण जुन्या गोव्यात बॉम जेझूसला जातो तेव्हा समोर सोन्याची आख्खी भिंत असते, संत, देवदूत, खांब, डोळे फिरतात. आणि प्रोटेस्टंट म्हटलं की डोक्यात येतं पांढरी भिंत, एक क्रॉस, बाकडी, संपलं. मग विटेनबर्गमध्ये, प्रोटेस्टंटांच्या ऐन घरात, एवढी चित्रं कशी?

याचं उत्तर १५२२ च्या मार्च महिन्यात आहे. ल्युथर तेव्हा वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपलेला होता, दाढी वाढवून, युंकर यर्ग असं खोटं नाव घेऊन, कारण सम्राटाने त्याला कायद्याबाहेर टाकलं होतं. इकडे गावात त्याचे सहकारी, विशेष करून कार्लश्टाट, घाईला आले. जानेवारीत गावच्या कौन्सिलने ठराव केला की मूर्त्या-चित्रं काढायची, आणि मग काय, लोकांनी हाताला येईल ते काढायला आणि फोडायला सुरुवात केली. ल्युथरला कळलं तसा तो जीव धोक्यात घालून परत आला आणि ९ मार्चच्या रविवारपासून सलग आठ दिवस याच चर्चमध्ये रोज एक अशी आठ प्रवचनं दिली. मुद्दा साधा होता. मूर्त्या नसल्या तर बरंच, पण जबरदस्तीने कोणाचं मन बदलत नाही. लोक सूर्य-चंद्रालाही पुजतात, मग ते काय आभाळातून ओढून काढायचे? त्यातच तो म्हणाला की मी कोणावर जोर केला नाही, फक्त शिकवलं आणि लिहिलं, आणि मी झोपलेलो असताना किंवा फिलिप आणि आम्सडॉर्फ या मित्रांबरोबर विटेनबर्गची बिअर पीत असताना देवाच्या शब्दानेच काम केलं. आठ दिवसात गाव शांत झालं.

इथून ल्युथरन आणि बाकीचे प्रोटेस्टंट यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि हा फरक आपल्याकडे कोणी सांगतच नाही. झुरिकमध्ये झ्विंगली, नंतर जिनिव्हात कॅल्विन, यांचा हिशोब असा की बायबलात जे करा म्हटलंय तेवढंच करायचं, म्हणून झुरिकमध्ये १५२४ मध्ये चित्रं गेली, पुढे ऑर्गनही गेला. ल्युथरन लोकांचा हिशोब उलटा, बायबल ज्याला नको म्हणत नाही ते राहू दे, कोणी त्याला पुजत नसेल आणि त्याने शिकवायला मदत होत असेल तर उलट चांगलंच. म्हणून ल्युथरन चर्चमध्ये वेदी राहिली, मेणबत्त्या राहिल्या, ऑर्गन तर असा राहिला की पुढे त्यातून बाखसारखा संगीतकार निघाला. तुम्ही जर्मनीत एखाद्या चर्चमध्ये शिरलात आणि आत पंधराव्या शतकातली मेरीची मूर्ती दिसली तर ते कॅथलिकच असेल असं समजू नका, कित्येकदा ते ल्युथरन निघतं.

तर आत जाऊया. आत गेल्यावर आधी थोडा हिरमोड होतो, कारण हॉलचा बराचसा साज म्हणजे गॅलऱ्या वगैरे १८१० च्या सुमाराच्या नूतनीकरणातला आहे, गॉथिकची नक्कल. ल्युथर ज्या व्यासपीठावर उभा राहायचा ते तर इथे नाहीच, ते त्याच्या घराच्या म्युझियममध्ये नेऊन ठेवलंय. पण पुढे बाप्तिस्म्याचं पात्र आहे ते बघा. ब्राँझचं, आठकोनी, भोवती प्रेषितांच्या छोट्या मूर्ती, न्यूरेंबर्गच्या हेरमान फिशर नावाच्या कारागिराने १४५७ मध्ये ओतलेलं. म्हणजे ल्युथरच्या जन्माच्याही २६ वर्षं आधीचं, पूर्ण कॅथलिक काळातलं. ते कोणी वितळवलं नाही की तोफेसाठी दिलं नाही, कारण बाप्तिस्मा तर हवाच होता, मग भांडं बदलायचं कशाला? ल्युथरची सहाही मुलं याच चर्चमध्ये बाप्तिस्मा झाली. पूर्वाश्रमीचा साधू, पूर्वाश्रमीची नन, आणि त्यांची मुलं जुन्याच पात्रावर, गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तेव्हा काय काय बोलून घेतलं असेल.

आणि मग वेदी. तिच्यावरची चित्रं लुकास क्रानाख आणि त्याचा त्याच नावाचा मुलगा यांच्या कारखान्यातली, १५४७ मध्ये इथे बसवलेली. थोरला क्रानाख म्हणजे एक प्रकरणच होतं, राजाचा चित्रकार, औषधाच्या दुकानाचा मालक, दारूचा परवाना, गावचा महापौर, आणि ल्युथरच्या लग्नाचा साक्षीदार. १५४७ हे सालही लक्षात ठेवा. ल्युथर आदल्या वर्षी फेब्रुवारीत वारला होता, त्याच १५४७ च्या एप्रिलमध्ये सॅक्सनीचा इलेक्टर म्यूलबर्गची लढाई हरून सम्राटाच्या कैदेत गेला. वर मनोऱ्यावर तोफा आणि खाली हे चित्र, असा तो काळ.

चित्र समजायला एक वाक्य पुरतं. १५३० मध्ये ल्युथरन लोकांनी आउग्सबुर्गला सम्राटापुढे आपलं म्हणणं लेखी मांडलं, लिहिणारा फिलिप मेलांख्टोन. त्यात चर्च म्हणजे काय याची व्याख्या आहे, जिथे शुभवर्तमान नीट शिकवलं जातं आणि संस्कार नीट दिले जातात ते चर्च. पोप नाही, बिशप नाही, बिल्डिंग नाही, एवढंच. वेदीवरचं चित्र म्हणजे त्या वाक्याची आकृती आहे, शाळेत फळ्यावर काढतात तशी.

डावीकडे बाप्तिस्मा. उघडंनागडं बाळ पात्रावर धरून बाप्तिस्मा देतोय तो खुद्द मेलांख्टोन. आता हा माणूस ग्रीकचा प्रोफेसर, आयुष्यात कधी पाळक झाला नाही, दीक्षा घेतली नाही. त्याला मुद्दाम तिथे उभं केलंय, कारण ल्युथरचं म्हणणं होतं की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक माणूस देवापुढे पुरोहिताइतकाच, फरक फक्त कामाचा. हे लिहायला दहा पानं लागतात, क्रानाखने एका बाळात सांगितलं.

उजवीकडे पापकबुली. पुष्कळांना वाटतं ल्युथरने कबुली बंद केली, अजिबात नाही, सक्ती बंद केली. इथे बसलेला योहानेस बुगेनहागेन, १५२३ पासून या चर्चचा मुख्य पाळक, ल्युथरचं लग्न लावणारा आणि त्याची स्वतःची कबुली ऐकणारा. त्याच्या दोन हातात दोन मोठ्या किल्ल्या आहेत. गुडघे टेकून बसलेल्या माणसाच्या डोक्यावर एक किल्ली, माफी. दुसऱ्या बाजूला झकपक कपड्यातला एक गडी तोंड फिरवून निघालाय, आणि त्याचे हात बांधलेले आहेत, म्हणजे त्याला माफी नाही. टेट्झेलची पत्रं आठवा. पैसे देऊन माफी मिळवलेली माणसं इथे याच चर्चमध्ये यायची, आणि तीस वर्षांनी त्याच चर्चच्या वेदीवर हा माणूस रंगवला.

मधलं चित्र शेवटच्या भोजनाचं. येशू आणि शिष्य, पण टेबल गोल आहे, त्यामुळे मानाची जागा अशी कुठली उरतच नाही. येशू मध्ये नाही, एका बाजूला आहे, ज्यूडासच्या तोंडात घास घालतोय. आणि उजवीकडे शिष्यांमध्ये एक दाढीवाला बसलाय तो ल्युथर, वार्टबुर्गला लपलेला असतानाच्या वेषात, म्हणजे युंकर यर्ग. त्याच्याकडे एक तरुण वाढपी वाकलाय, तो धाकटा क्रानाख असं मानतात, आणि दोघांच्या मध्ये द्राक्षारसाचा पेला. या पेल्यासाठी केवढं रामायण झालंय. जुन्या पद्धतीत साध्या लोकांना फक्त भाकर मिळायची, पेला फादरचा. ल्युथरन लोकांनी पेला सगळ्यांना दिला. म्हणून ल्युथर इथे पाळकाच्या झग्यात नाही, साध्या गृहस्थाच्या वेषात हात पुढे करतोय.

पण मला विचाराल तर या सगळ्याच्या खाली जो आडवा पट्टा आहे, त्याला प्रेडेला म्हणतात, त्याच्यासाठी तिकीट काढून यावं. चित्र जवळजवळ रिकामं आहे. राखाडी भिंत, दगडी फरशी. उजवीकडे व्यासपीठावर ल्युथर, एक हात उघड्या बायबलवर, दुसरा सरळ पुढे केलेला. डावीकडे गावचे लोक. आणि दोघांच्या बरोबर मध्ये क्रॉसवरचा येशू, एकटा, कमरेचं वस्त्र वाऱ्यावर उडतंय, बंद खोलीत वारा कुठून आला देव जाणे. लोक ल्युथरकडे बघत नाहीत, येशूकडे बघतात. म्हणजे प्रवचन ऐकताना मनात काय दिसायला हवं ते चित्रात उभं केलंय. लोकांमध्ये पुढे बसलेली बाई ल्युथरची बायको काटारिना, तिच्यापाशी लहान मूल, मागे पांढऱ्या लांब दाढीचा म्हातारा क्रानाख, असं ओळखतात. अजून एक बघा, बायका-पोरं पुढे बसलीत आणि पुरुष मागे उभे. तेव्हा आत्तासारखी रांगेने बाकडी नव्हती. बाकडी सगळीकडे आली ती प्रवचनं लांबली म्हणून, तास-तासभर कोण उभं राहणार? पुढे कित्येक ल्युथरन चर्चमध्ये व्यासपीठावर वाळूचं घड्याळ ठेवायची वेळ आली.

वेदीच्या मागे जाऊनही बघा. मागच्या बाजूला लाकडावर रेघोट्या आणि नावं कोरलेली आहेत, जुन्या विद्यार्थ्यांची असं सांगतात. आपल्या किल्ल्यांवरची बदाम-बाण नावं आठवून मला बरं वाटलं, हा रोग एकट्या आपला नाही.

बाजूच्या वेद्या मात्र गेल्या. आधीच्या काळात श्रीमंत घराणी मेलेल्यांसाठी मिस्सा, म्हणजे वेदीवरचा प्रार्थनाविधी, म्हणायला पैसे लावून ठेवायची, त्यासाठी वेगळ्या वेद्या आणि वेगळे फादर. ल्युथर म्हणाला मेलेल्यांसाठी मिस्सा नाहीच, मग ती सगळी सिस्टीम कोसळली, उत्पन्न गावाच्या सामाईक पेटीत, गरिबांसाठी. पण श्रीमंतांची हौस कुठे जाते, ती भिंतीवर गेली, मेलेल्याच्या आठवणीतल्या चित्रांमध्ये. त्यातलं एक पाळक पाउल एबर यांच्यासाठी धाकट्या क्रानाखने काढलंय, एबर १५६९ मध्ये वारले. एक मोठी द्राक्षबाग, दोन भागांत वाटलेली. एका बाजूला पोपचे लोक वेल उपटतायत आणि विहिरीत दगड टाकतायत, दुसऱ्या बाजूला ल्युथर दाताळं घेऊन जमीन साफ करतोय, बुगेनहागेन कुदळ मारतोय आणि मेलांख्टोन विहिरीतून पाणी शेंदतोय. ग्रीक-हिब्रू मूळ ग्रंथांकडे परत चला म्हणणारा तो, म्हणून विहीर त्याच्याकडे. एकदम प्रचारी चित्र आहे, दुसऱ्या पार्टीवर अन्यायही आहे, पण ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे त्याने बघावंच.

बुगेनहागेनचा विषय निघालाय तर आपल्याकडचा धागा सांगून टाकतो. १५३७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने त्याला बोलावून घेतलं, त्याने तिथे राज्याभिषेक केला आणि डॅनिश चर्चची आख्खी ल्युथरन घडी बसवून दिली. पुढे त्याच डेन्मार्कची एक वसाहत तामिळनाडूच्या किनाऱ्यावर होती, तरंगंबाडी, आणि डॅनिश राजानेच पाठवलेले त्सिगनबाल्ग आणि प्ल्युट्शाऊ हे दोन जर्मन १७०६ मध्ये तिथे उतरले, भारतातले पहिले प्रोटेस्टंट मिशनरी. त्सिगनबाल्गने बांधलेलं १७१८ चं न्यू जेरुसलेम चर्च तिथे अजून उभं आहे आणि त्याची कबर आतच आहे. बुगेनहागेन इथे विटेनबर्गला याच चर्चमध्ये पुरलाय.

बाहेर पडलात की लगेच स्टेशनकडे जाऊ नका, वळसा घालून आग्नेय कोपऱ्याकडे या आणि वर बघा. भिंतीत एक दगडी शिल्प आहे, साधारण १३०० च्या आसपासचं. एक डुकरीण, तिला लुचणारे ज्यू, आणि एक रब्बी तिची शेपटी उचलून बघतोय. ज्यूंसाठी डुक्कर निषिद्ध, म्हणजे किती ठरवून केलेला अपमान आहे ते कळेल. वर हिब्रूवरून घेतलेली अक्षरं आहेत, ती १५७० मध्ये टाकली, आणि ती आली ल्युथरच्याच १५४३ च्या एका ज्यूद्वेषी पुस्तकातून, ज्यात त्याने या शिल्पाचं कौतुकाने वर्णन केलंय. आत सगळ्यांना पेला देणारा माणूस तो हाच. ज्यांना आतलं चित्र दाखवतो त्यांना मी हेही दाखवतो, न सांगितलं तर ती फसवणूक वाटते मला.

हे शिल्प काढा म्हणून एका ज्यू माणसाने केस केली, ती जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टापर्यंत गेली, आणि जून २०२२ मध्ये कोर्टाने म्हटलं की शिल्प अपमानकारक आहेच, पण चर्चने खाली स्मारक आणि माहितीफलक लावून त्यापासून स्वतःला दूर केलंय, त्यामुळे काढायची सक्ती करता येणार नाही. मला स्वतःला ते म्युझियममध्ये असावं असं वाटतं. पण खालचं स्मारक मात्र थांबून बघण्यासारखं आहे, १९८८ चं, जमिनीत बसवलेलं, पटकन दिसतही नाही, लोक त्यावरून चालत जातात. ब्राँझच्या चार लाद्या एकमेकींना लावून ठेवल्यासारख्या आहेत आणि त्यांच्या फटींमधून खालचं काहीतरी फुगून वर येतंय, दाबलं तरी दबत नाहीये, आणि त्या फटींचा आकार क्रॉसचा आहे.